पाण्याचे नाव, पाण्याचे गाव

कन्याकुमारीला गेलेल्या मराठी पर्यटकाला तिथे हमखास एक गोष्ट दाखवली जाते: तीन समुद्रांचे तीन रंग. गडद निळा तो एक, हिरवट तो दुसरा, मातकट तो तिसरा. गेली काही वर्षे याच धाटणीची एक चित्रफीत मोबाइलवर फिरते आहे. दोन समुद्र एकमेकांना खेटून उभे आहेत, मधे फेसाची रेघ आहे आणि खाली मजकूर आहे की हे दोन समुद्र भेटतात, पण कधीच मिसळत नाहीत. यातली बरीचशी दृश्ये अलास्काच्या आखातातली असतात. हिमनद्यांनी खरवडलेल्या खडकाचा बारीक गाळ घेऊन नद्यांचे पाणी तिथे समुद्रात येते, म्हणून ते दुधट दिसते. ते मिसळते. जरा वेळ लागतो, इतकेच.

रंगावरून समुद्राचे पाणी ओळखता येत नाही. रंग ठरतो गाळावर, वनस्पतिप्लवकांवर, खोलीवर आणि आभाळ कसे आहे त्यावर. पण या भाबड्या समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि ती चित्रफितीपेक्षा कितीतरी रंजक आहे. समुद्र म्हणजे एकजीव पाण्याची टाकी नव्हे. त्यात वेगवेगळ्या ठिकाणी जन्मलेली, वेगवेगळ्या स्वभावाची पाणी एकावर एक थर करून पसरलेली असतात. समुद्रशास्त्रज्ञ अशा प्रत्येक पाण्याला ‘जलराशी’ म्हणतात. कोणत्या खोलीवर कोणती जलराशी आहे, ती कुठून आली आणि केव्हा निघाली, हे शोधणे हा या शास्त्राचा जुना आणि अवघड उद्योग. अडचण अशी की हे काम एकदा करून ठेवले की संपले, असा समज केवळ निधी देणाऱ्यांचाच नव्हे, तर अनेक शास्त्रज्ञांचाही असतो. पाण्याला नाव दिले, नकाशात त्याचा बाण काढला, पाठ्यपुस्तकात आकृती छापली, फाइल बंद. भूमध्य समुद्राने हा समज एकदा चांगलाच मोडून काढला आहे, आणि त्या घटनेकडे भारतानेही नीट पाहायला हवे, कारण अरबी समुद्राचे काही प्रश्न त्याच जातीचे आहेत.

भूमध्य समुद्र अर्धबंदिस्त आहे. तीन खंडांनी वेढलेला, आणि महासागराशी जोडणारी नैसर्गिक वाट एकच, जिब्राल्टरची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. तिच्या तळाशी एक उंबरठा आहे आणि त्यावर पाण्याची खोली ३०० मीटरही भरत नाही. आत मात्र समुद्र काही ठिकाणी पाच हजार मीटरहून खोल. म्हणजे हा समुद्र एखाद्या खोल रांजणासारखा आहे आणि त्याचे तोंड उथळ आहे. ऊन भरपूर, वारा कोरडा, पाऊस आणि नद्या मिळून पाणी कमी. बाष्पीभवनाने जितके पाणी उडते तितके वरून येत नाही. ही तूट वर्षाला अर्धा ते एक मीटर थराइतकी असते. ती भरून काढायला अटलांटिकचे पाणी जिब्राल्टरमधून आत शिरते. किलोमागे सुमारे ३६ ग्रॅम क्षार असलेले हे पाणी पूर्वेकडे सरकता सरकता आटते, खारट होत जाते आणि जड होते. हिवाळ्यात गार वारे लागले की ते बुडते, आणि बरीच वर्षे खोलात फिरून शेवटी जिब्राल्टरच्याच वाटेने, पण खालच्या थरातून, बाहेर पडते. तेव्हा त्याची क्षारता किलोमागे ३८ ग्रॅमच्या वर गेलेली असते. वरून आत, खालून बाहेर. दर सेकंदाला सात-आठ लाख घनमीटर पाणी या एका फटीतून आत येते आणि जवळपास तितकेच बाहेर जाते.

असे दुमजली प्रवाह असतात हे प्रथम नीट सिद्ध केले ते लुईजी फर्दिनांदो मार्सिली या बोलोन्याच्या तरुणाने. १६७९ साली तो इस्तंबूलला गेला, तेव्हा त्याचे वय होते २१. बॉस्पोरसमध्ये वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून येतो, पण खोल टाकलेली जाळी उलट दिशेला ओढली जातात, हे तिथले मच्छीमार सांगत. मार्सिलीने ते ऐकून सोडून दिले नाही. पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे लावलेली दोरी त्याने नावेतून खाली सोडली आणि ठरावीक खोलीनंतर तुकडे उलटे वळतात हे पाहिले. मग एक पेटी घेतली. मधे पडदा, एका बाजूला हलके पाणी, दुसऱ्या बाजूला जड खारे पाणी, पडद्याला वर एक भोक आणि खाली एक. हलके पाणी वरच्या भोकातून एका दिशेला गेले, जड पाणी खालच्या भोकातून दुसऱ्या दिशेला. १६८१ मध्ये त्याने हे रोममध्ये छापून प्रसिद्ध केले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजही शाळेच्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासात करता येतो. फारशा शाळांत तो होत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि या शोधाचा पहिला धागा मच्छीमारांच्या हातात होता, हेही विसरून चालणार नाही.

पाण्याला ओळख मिळते ती पृष्ठभागावर. सूर्य तापवतो, वारा गार करतो, बाष्पीभवन खारट करते, पाऊस गोडवतो. पाणी बुडाले की हे सगळे व्यवहार थांबतात. खोलात ना ऊन, ना पाऊस. तिथे त्याचे तापमान आणि क्षारता बदलू शकते ती फक्त शेजारच्या पाण्यात मिसळून. म्हणून खोल पाण्याच्या या दोन आकड्यांत त्याने शेवटचे आभाळ कुठे आणि कसे पाहिले याची नोंद राहते. नॉर्वेच्या ब्यॉर्न हेलंड-हान्सेन यांनी १९१६ मध्ये सुचवलेला तापमान-क्षारता आलेख याच कल्पनेवर उभा आहे. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर तापमान. समुद्रात एका जागी वरपासून खालपर्यंत घेतलेले प्रत्येक मोजमाप म्हणजे या आलेखावरचा एक ठिपका. आंघोळीच्या बादलीत कढत आणि गार पाणी कमीअधिक घातले तर मिश्रणाचे तापमान त्या दोहोंच्या मधे कुठेतरी पडते. समुद्रातही तसेच. दोन जलराशी मिसळल्या की मिश्रणाचे ठिपके त्यांना जोडणाऱ्या रेषेवर येतात. ठिपक्यांची वाट जिथे वळण घेते, तिथे तिसरे कुणीतरी हजर आहे असे समजायचे. हा आलेख वाचण्याची सवय झालेला माणूस ठिपक्यांच्या वळणांवरून पाण्याची कुळी सांगू शकतो.

भूमध्य समुद्राची पहिली नीट मोजणी झाली ती डॅनिश ‘थॉर’ जहाजावरून, १९०८ ते १९१० या काळात. मोहिमेचे प्रमुख योहानेस श्मिट. ईल मासा नेमका कुठे अंडी घालतो, हे शोधण्यात ज्यांनी जवळजवळ आयुष्य घातले तेच हे श्मिट. त्याच मोहिमेतील मोजमापांवरून निल्सन यांनी १९१२ मध्ये भूमध्य समुद्राच्या थरांचे चित्र मांडले आणि ते पुढे बरीच दशके मूलतः टिकले. सर्वांत वर अटलांटिकहून आलेले पाणी. त्याखाली साधारण २०० ते ५०० मीटरवर ‘लेव्हान्टाइन मध्यस्तर पाणी’. हे ऱ्होड्स बेटाच्या आसपास फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडते. जन्मताना तापमान १५-१६ अंश आणि क्षारता किलोमागे ३९ ग्रॅमच्या आसपास. तिथून ते पश्चिमेकडे हजारो किलोमीटर जाते, आणि आलेखावर क्षारतेचे एक ठळक टोक म्हणून जागोजाग ओळखू येते. तळाशी दोन वेगळी पाणी. पश्चिम खोऱ्यात फ्रान्सच्या दक्षिणेला, मिस्ट्राल वाऱ्याने गोठवलेल्या हिवाळ्यात बुडणारे, १३ अंशांपेक्षा किंचित थंड. पूर्व खोऱ्यात एड्रियाटिक समुद्रात जन्मलेले आणि ओट्रान्टोच्या सामुद्रधुनीतून खाली उतरलेले. गंमत पाहा, इथे तीन-चार हजार मीटरवरही पाणी १३ अंशांच्या आसपास असते. अटलांटिकमध्ये तितक्या खोलीवर ते दोन-तीन अंश असते. जिब्राल्टरचा उंबरठा ध्रुवाकडचे थंड पाणी आत येऊच देत नाही.

पूर्व खोऱ्याचा तळ म्हणजे एड्रियाटिकचे पाणी, हे वाक्य विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात इतके पक्के होते की त्यावर कुणी शंका घेण्याचे कारणच नव्हते. १९८७ मध्ये ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने पूर्व भूमध्य समुद्राची तळापर्यंत मोजणी केली. सारे अपेक्षेप्रमाणे होते. मग १९९५ च्या सुरुवातीला तेच जहाज पुन्हा गेले आणि मोजणी पुन्हा केली. तळाशी वेगळेच पाणी होते! जुन्यापेक्षा खारट, थोडे गरम, तरीही अधिक जड. ते एड्रियाटिकहून आलेले नव्हते. ते आले होते एजियन समुद्रातून, क्रीटच्या दोन्ही बाजूंच्या सामुद्रधुन्यांमधून ओसंडून. वोल्फगांग रोएथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये हिशेब मांडला. पूर्व खोऱ्याच्या खोल आणि तळच्या पाण्यापैकी जवळजवळ २० टक्के पाणी या काही वर्षांत बदलले गेले होते. एड्रियाटिक सेकंदाला सुमारे तीन लाख घनमीटर पाणी देत असे. एजियनने त्या काळात सरासरी दहा लाखांहून अधिक दिले. जुने पाणी शेकडो मीटर वर ढकलले गेले. तळाच्या पाण्यात पोषकद्रव्ये अधिक असतात, त्यामुळे ती काही भागांत वरच्या थरांच्या जवळ आली. पूर्व भूमध्य समुद्र हा जगातील सर्वांत उपाशी समुद्रांपैकी एक आहे, तेव्हा हा बदल तिथल्या सजीवांच्या दृष्टीने किरकोळ नव्हता.

कारणांबद्दल अजून एकमत नाही. १९८७ चा आणि नंतर १९९२-९३ चे हिवाळे कडक होते. १९८९ ते १९९३ दरम्यान त्या भागात पाऊस कमी झाला. प्रवाहांनी वाट बदलल्यामुळे एजियनमध्ये खारट पाणी साचले, असेही एक मत आहे. काळ्या समुद्राकडून येणाऱ्या गोडसर पाण्याच्या वाट्याबद्दल वाद आहे. पुढे एजियनचा जोर ओसरला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एड्रियाटिकने आपली जागा परत घेतली. तोवर पश्चिम खोऱ्यात गडबड सुरू झाली होती. २००४-०५ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिणेला प्रचंड प्रमाणात नवे खोल पाणी तयार झाले, आणि तेही आधीच्यापेक्षा गरम आणि खारट होते.

आता हे सगळे कळले कसे, याकडे वळू या. १९८७ आणि १९९५ या दोन मोजण्यांमुळे. त्यातली दुसरी झाली नसती तर पाठ्यपुस्तकातला एड्रियाटिकचा बाण तसाच राहिला असता, आणि तळाशी काही आगळे आकडे मिळाले असते तर एखाद्याने ते उपकरणाचा दोष म्हणून वगळलेही असते. फरक होता तरी किती? किलोमागे ०.१ ग्रॅमच्या आसपास क्षार आणि अर्ध्या अंशापेक्षा कमी तापमान. इतका सूक्ष्म फरक विश्वासाने सांगायचा तर आधीचे मोजमाप तितकेच काटेकोर असावे लागते आणि जपून ठेवलेले असावे लागते. ‘आधी काय होते’ ही माहिती मागाहून विकत घेता येत नाही.

इथेच जलराशी ओळखण्याच्या प्रचलित पद्धतीवर एक आक्षेप घ्यावा लागतो. अनेक अभ्यासांत जलराशीची व्याख्या चौकट आखून केलेली असते. तापमान अमुक ते तमुक, क्षारता अमुक ते तमुक, या चौकटीत पडले ते लेव्हान्टाइन, बाहेर पडले ते दुसरे. सोय म्हणून हे ठीक. पण भूमध्य समुद्र तापतो आहे आणि खारट होतो आहे, आणि लेव्हान्टाइन पाणीही त्याबरोबर सरकते आहे. चाळीस वर्षांपूर्वी आखलेल्या चौकटीतून आज ते हळूहळू बाहेर पडणार, आणि जुनी चौकट वापरणारा अभ्यासक लिहिणार की लेव्हान्टाइन पाणी कमी झाले. पाणी तिथेच आहे, त्याचा पत्ताही तोच आहे. जुने झाले आहे ते ओळखपत्रावरचे छायाचित्र. म्हणून व्याख्या आकड्यांच्या कुंपणाने करण्यापेक्षा जन्मस्थान आणि प्रक्रियेने करावी, आणि आलेखावर त्या पाण्याचा गाभा, म्हणजे क्षारतेचे टोक, दरवर्षी कुठे सरकतो याचा माग ठेवावा. अनेक जाणकार तसे करतातही. तरी तयार चौकटी उचलून वापरण्याचा मोह सुटत नाही, कारण त्यात निर्णय घ्यावा लागत नाही.

हाच मोह आता संगणकाच्या रूपाने आला आहे. हजारो मोजमापे गणनविधीला द्यायची आणि सारखे दिसणारे ठिपके त्याने गटांत वाटायचे. याचा उपयोग आहे. माणसाच्या नजरेला न दिसलेले गट कधी कधी असे सापडतात. पण दोन वेगळ्या ठिकाणी जन्मलेली पाणी आलेखावर एकाच जागी येऊ शकतात, आणि दोन पाण्यांचे मिश्रण तिसऱ्या पाण्यासारखे दिसू शकते. तापमान आणि क्षारता एवढेच हाती असेल तर संगणकही तिथे फसणार. त्यासाठी आणखी साक्षीदार लागतात. विरघळलेला ऑक्सिजन हा एक. पाणी पृष्ठभागावरून निघाले की जिवाणू तो खात जातात, म्हणून कमी ऑक्सिजन म्हणजे साधारणपणे जुने पाणी. दुसरा साक्षीदार अनपेक्षित आहे: फ्रिजमध्ये पूर्वी वापरले गेलेले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू. १९३० च्या दशकापासून माणसाने ते हवेत सोडले, समुद्राच्या पृष्ठभागाने ते थोडे शोषले, आणि पाणी बुडाले तेव्हा त्याबरोबर तेही खाली गेले. कोणत्या वर्षी हवेत त्यांचे प्रमाण किती होते हे ठाऊक आहे. तेव्हा खोल पाण्यात ते किती आहेत यावरून पाणी केव्हा बुडाले याचा अंदाज येतो. एजियनच्या पाण्याचा छडा लावताना हे वायू मोठे साक्षीदार ठरले. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या या वायूंनी केलेले हे एक बरे काम.

हे सारे युरोपच्या दारातले झाले. आपल्या दारात काय आहे? अरबी समुद्राला दोन अर्धबंदिस्त समुद्र येऊन मिळतात, इराणचे आखात आणि तांबडा समुद्र. दोन्हींत बाष्पीभवन प्रचंड, दोन्ही खारट. आखात सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल, म्हणून उन्हाळ्यात चुलीवरच्या कढईसारखे तापते आणि हिवाळ्यात पटकन गार होते. तिथले पाणी किलोमागे ४० ग्रॅमच्या आसपास क्षार घेऊन होर्मुझमधून तळाशी बाहेर पडते, आणि ओमानच्या आखातात २०० ते ३५० मीटरवर जाऊन आपल्या वजनाची पातळी शोधते. तांबड्या समुद्राचे पाणी बाब-अल-मंदबच्या वाटेने येते. तिथला उंबरठा १३७ मीटरवर आहे. बाहेर आल्यावर ते आणखी खाली, ५०० ते ८०० मीटरपर्यंत उतरते. अरबी समुद्राच्या क्षारतेच्या आलेखावर ही दोन पाणी दोन टोकांसारखी दिसतात आणि त्यांच्यावर, पृष्ठभागाजवळ, अरबी समुद्राचे स्वतःचे खारट पाणी तिसरे टोक काढते. रॉकफर्ड यांनी १९६४ मध्ये उत्तर हिंदी महासागरातली ही टोके तपशिलाने मांडली. ज्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने त्या काळात या समुद्राच्या मोजणीला गती दिली, तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे.

कोकण-गोव्याच्या माणसाचा याच्याशी संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. संबंध ऑक्सिजनचा आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर या पट्ट्यात ऑक्सिजन अत्यंत कमी असतो. जगातील सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी हा एक. वर प्लवक भरपूर, ते मरून खाली पडते, जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन संपवतात, आणि उत्तरेकडे जमीन असल्याने तिकडून ताजे पाणी येण्याची सोय नाही. अशा वेळी आखात आणि तांबडा समुद्र यांच्याकडून येणारे पाणी म्हणजे या पट्ट्याला मिळणारे मोजके श्वास. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे पाणी वर सरकते आणि ऑक्सिजनची टंचाई थेट उथळ समुद्रात येऊन पोहोचते. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ती सर्वांत तीव्र असते. माशांना तिथून निघून जावे लागते, ज्यांना जाता येत नाही ते तळचे प्राणी मरतात. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून एका ठरावीक ठिकाणी वारंवार मोजणी केली आहे, म्हणून हे ऋतुचक्र इतक्या तपशिलाने ठाऊक आहे. २००० साली एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की या किनाऱ्यावर नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात सुटतो आहे.

आता प्रश्न असा की आखात तापत राहिले तर काय होईल. गरम पाणी हलके असते, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. संगणकीय प्रतिमानांवर आधारलेले अभ्यास सांगतात की आखात तापल्याने अरबी समुद्राच्या या पट्ट्याला मिळणारी हवा कमी होते आणि टंचाई वाढते. प्रतिमान म्हणजे अंदाज. तो खरा की खोटा हे ठरवायला होर्मुझबाहेर पडणाऱ्या पाण्याची वर्षानुवर्षांची मोजणी लागते, आणि नेमकी तीच विरळ आहे. संपूर्ण आखात एका झपाट्यात मोजणाऱ्या मोहिमा बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. त्यातली सर्वांत परिचित ‘माउंट मिचेल’ जहाजाची, १९९२ ची. तीही युद्धातल्या तेलगळतीने काय नुकसान केले हे पाहायला गेलेली. समुद्राची साधी तब्येत तपासायला युद्ध व्हावे लागले, यावर वेगळे भाष्य नको.

जहाजे महाग आहेत, आणि आता स्वयंचलित तरंगक आहेत, असे यावर उत्तर दिले जाते. ‘आर्गो’ प्रकल्पाचे सुमारे चार हजार तरंगक जगभर फिरत आहेत. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरवरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था भारताच्या वतीने या कामात आहे. आर्गोने समुद्रशास्त्र बदलून टाकले, यात शंका नाही. पण ३५ मीटर खोल आखातात हजार मीटरवर तरंगण्यासाठी बनवलेले यंत्र काय करणार? आणि नेहमीचा तरंगक दोन हजार मीटरखाली जात नाही. एजियनचे पाणी १९९० च्या दशकात ज्या तळाला जाऊन बसले होते, तो त्याच्या कितीतरी खाली होता. त्याहून खोल जाणारे तरंगक आता आले आहेत, पण संख्येने थोडे. शिवाय तरंगकांची क्षारता-उपकरणे काळाबरोबर घसरतात, आणि ती घसरण पकडायला जहाजावरून घेतलेले खात्रीचे मोजमापच लागते. तरंगक जहाजाला पूरक आहेत, त्याचा पर्याय नाहीत.

सलग नोंदीची किंमत महाराष्ट्राला ठाऊक नाही असे नाही. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झाले, तेव्हा ते काम अलिबागला हलवले गेले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली गेली, म्हणजे नवी मालिका जुन्या मालिकेला जोडता यावी. त्या दोन वर्षांत कुणाला नवा शोध लागला नसेल. पण त्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची एक दीर्घ मालिका अखंड राहिली. समुद्राच्या मोजणीला असा मान मिळत नाही. तीच जागा, तेच आकडे, दर महिन्याला. संशोधन-प्रस्तावात ‘यात नवीन काय’ हा रकाना भरताना शास्त्रज्ञाची पंचाईत होते. प्रकल्प तीन वर्षांचा आणि समुद्राचा स्वभाव तीस वर्षांचा. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाला कुणी विचारत नाही की यंदा नवे काय मोजलेस. कांदोळीसारख्या मोजणीस्थानालाही विचारू नये. अशी स्थाने प्रकल्प म्हणून नव्हे, तर कायमची सेवा म्हणून चालवावीत आणि त्यांचे आकडे ठरलेल्या मुदतीत सर्वांसाठी खुले करावेत.

दुसरी अडचण सरहद्दींची. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात परक्या जहाजाला संशोधनासाठी त्या त्या देशाची परवानगी लागते. अर्धबंदिस्त समुद्रात असे पट्टे एकमेकांना चिकटूनच असतात, मधे मोकळा समुद्र जवळजवळ उरतच नाही. पाणी मात्र एका देशात बुडते, दुसऱ्याच्या तळावरून वाहते आणि तिसऱ्याच्या मासेमारीवर परिणाम करते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारात बंदिस्त आणि अर्धबंदिस्त समुद्रांसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यातील १२३ वे कलम काठावरच्या देशांनी मासेमारी, प्रदूषण आणि वैज्ञानिक संशोधन यांत एकमेकांशी सहकार्य करावे, असे सांगते. भूमध्य समुद्राच्या पूर्व खोऱ्यात एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात संयुक्त कार्यक्रम राबवला होता, म्हणूनच एजियनचा बदल समजून घेताना तुलना करायला काहीतरी हाती होते. होर्मुझच्या दोन्ही बाजूंना असे काही घडवून आणण्यात भारताचा सरळ स्वार्थ आहे, कारण त्या पाण्याचा पुढचा मुक्काम अरबी समुद्रात आहे. कलम १२३ मधले क्रियापद मात्र ‘करावे’ असे आहे, ‘केलेच पाहिजे’ असे नाही.